मीशोवर दुकान थाटलेल्या बायकांचं पुढे काय झालं

एप्रिल २०२१ मध्ये ॲपवरून कपडे आणि घरगुती माल विकणाऱ्या बंगळुरूच्या मीशो कंपनीत सॉफ्टबँक या जपानी गुंतवणूकदार कंपनीच्या पुढाकारानं ३० कोटी डॉलर आले आणि कंपनीचं मोल २१० कोटी डॉलर ठरलं. त्या वेळी कंपनीनं स्वतःची ओळख करून देताना दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले होते. आपण १ कोटी ३० लाख छोटे उद्योजक उभे केले, हा एक. त्यांना ५०० कोटी रुपयांहून जास्त उत्पन्न मिळवून दिलं, हा दुसरा. बातम्या झाल्या त्या पहिल्या आकड्याच्या. दुसऱ्याला पहिल्यानं भागायचं बहुधा राहून गेलं. माणशी चारशे रुपयेसुद्धा होत नाहीत, आणि तेही महिन्याचे नव्हेत, तोवरच्या सगळ्या काळाचे मिळून.

सरासरी फसवी असते हे मान्य. ॲप फोनवर घेतलं, चार फोटो पाठवले आणि सोडून दिलं, अशाच बायका त्यात सर्वांत जास्त असणार. दुसऱ्या टोकाला महिन्याला दहा-पंधरा हजार कमावणाऱ्याही होत्या आणि जाहिरातीत अर्थातच त्याच दिसायच्या. तरी हा भागाकार मी प्रकरणाच्या सुरुवातीलाच ठेवतो. भारतासारख्या देशांत बायकांच्या ऑनलाइन धंद्याविषयी जे बोललं जातं ते बहुतेक पहिल्या आकड्याच्या भाषेत असतं: किती जणी जोडल्या, किती जणींना व्यासपीठ मिळालं. मीशोच्या रिसेलर बायकांचं, म्हणजे ॲपवरचा माल मार्जिन चढवून ओळखीत पुन्हा विकणाऱ्या बायकांचं, प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळ्या कारणानं. ही फसवणुकीची गोष्ट नाही. माल पोहोचत होता, पैसे खात्यात येत होते. आणि तरीही पाच-सहा वर्षांत हा धंदा बायकांच्या हातून निसटला.

दुकान नसलेले दुकानदार

विदित आत्रे आणि संजीव बर्नवाल हे दोघे आयआयटी दिल्लीचे. २०१५ मध्ये त्यांनी फॅशनिअर नावाचं ॲप काढलं. आसपासच्या कपड्यांच्या दुकानांतला माल फोनवर बघा आणि घरपोच मागवा, अशी ती कल्पना होती. चालली नाही. गिऱ्हाइकाला गल्लीतल्या दोन दुकानांपुरती निवड नको होती आणि दुकानदाराला गल्लीबाहेर विकायचं होतं. पण दुकानं हिंडताना या दोघांना दिसलं की दुकानदार आधीपासूनच ऑनलाइन विकताहेत. वेबसाइट नाही, ॲप नाही. व्हॉट्सॲपवर नव्या मालाचे फोटो टाकायचे आणि फोनवर भाव ठरवायचा. मग अशा दुकानदारांसाठी साधन म्हणून 'मेरी शॉप', म्हणजेच मीशो, निघालं. ते वापरणारे कोण हे तपासलं तेव्हा कळलं की यातल्या बऱ्याच जणांना दुकानच नाही. घरी बसून ओळखीपाळखीत साड्या-कुर्त्या विकणाऱ्या बायका होत्या त्या.

हा धंदा मीशोनं शोधून काढलेला नव्हे. सुरतेहून गाठोडं आणायचं आणि हळदीकुंकवाला, भिशीच्या दिवशी, दुपारी शेजारणींना गोळा करून साड्या उलगडायच्या, अशी एखादी बाई आपल्याकडे जवळपास प्रत्येक कॉलनीत असायची. अजूनही असते. पैसे दोन-तीन हप्त्यांत. वहीत नावं. पुढे टपरवेअर आलं, सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या आल्या. त्यांनीही हीच वाट धरली. या बाईच्या अडचणीही ठरलेल्या. माल आणायला भांडवल लागतं. न विकलेला माल अंगावर पडतो. आणि सुरतेला जायचं तर घरातून निघावं लागतं, ज्याची परवानगी मिळवणं हे पुष्कळ घरांत भांडवल उभं करण्यापेक्षा अवघड.

मीशोनं या तिन्ही अडचणी एकदम उचलल्या. माल पुरवठादाराकडे, बहुतेक सुरत, जयपूर, तिरुपूर, लुधियाना इथं. फोटो ॲपवर. बाईनं फोटो आपल्या माणसांना पाठवायचा, स्वतःचं मार्जिन चढवून भाव सांगायचा, होकार आला की गिऱ्हाइकाचा पत्ता घालून ऑर्डर टाकायची. पार्सल थेट गिऱ्हाइकाकडे जायचं आणि पाठवणारी म्हणून नाव असायचं त्या बाईचं. मूळ किमतीचा कागद आत नसायचा. कुरिअरवाला दारात पूर्ण रक्कम रोख घ्यायचा आणि परत पाठवण्याची मुदत उलटली की मार्जिन बाईच्या खात्यात जमा व्हायचं.

वेळही नेमकी साधली गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात कंपनी नव्या कंपन्यांना सुरुवातीचं भांडवल आणि मार्गदर्शन देणाऱ्या अमेरिकेतल्या वाय कॉम्बिनेटरच्या तुकडीत होती आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं. तोवर जपून वापरायचा नेटपॅक पुढच्या काही महिन्यांत दिवसभर फोटो पाठवता येतील इतका स्वस्त झाला. मीशोचं यश मोजताना या गोष्टीला तिचा वाटा दिला पाहिजे, तो सहसा दिला जात नाही.

एका कुर्तीचा हिशेब

उदाहरणादाखल आकडे घेऊ. ॲपवर कुर्ती ३५० रुपयांना, पोहोचवण्यासकट. बाईनं ७० चढवून ४२० सांगितले. शहरातल्या दुकानात तशीच कुर्ती सहाशेला मिळत असेल तर गिऱ्हाईकही खूश. दिवसाला दोन ऑर्डरी टिकल्या तर महिन्याचे चार हजार होतात. पोरांच्या शिकवणीची फी निघते, गॅस निघतो, आणि कुणापुढे हात पसरावा लागत नाही. ज्या बाईच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा पैसे जमा झाले तिच्यासाठी हे चार हजार फक्त चार हजार नव्हते; कंपनीच्या जाहिराती तेवढ्या बाबतीत खोटं बोलत नव्हत्या.

पण या ७० रुपयांत तिचं काम किती, ते बघायला हवं. दुपारी दोन तास ॲप चाळून माल निवडायचा, कारण हजार फोटोंतून आपल्या गिऱ्हाइकांना चालतील असे वीस वेचणं हीच कसोटी. मग ते फोटो निरनिराळ्या ग्रुपांवर टाकायचे, ज्यांची नावं हटकून 'कलेक्शन' या शब्दानं संपतात. मग प्रश्न: ताई, रंग फोटोत दिसतो तसाच आहे ना? कापड अंगावर चिकटतं का? मला एक्सएल बसेल की डबल एक्सएल? माझ्या नणंदेला आवडली तर दोन घेईन, काही कमी होईल का? मग पार्सल कुठवर आलं त्याची चौकशी. मग आल्यावर रंग वेगळा निघाला म्हणून तक्रार, परत पाठवण्याची खटपट, आणि त्या गिऱ्हाइकाची समजूत. माल परत गेला की ७० रुपयेही गेले. बाईच्या खिशातून काही जात नाही हे खरं, पण हे सगळे तास फुकट जातात, आणि ते कुठल्याच हिशेबात धरलेले नसतात.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भरवसा. ज्या गिऱ्हाइकानं आयुष्यात कधी ऑनलाइन काही मागवलेलं नाही, ते न पाहिलेल्या सुरतेच्या पुरवठादारावर विश्वास ठेवत नव्हतं. समोरच्या वहिनींवर ठेवत होतं. माल खराब निघाला तर मीशोचं काही बिघडत नव्हतं. वहिनींना मात्र दुसऱ्या दिवशी त्याच गिऱ्हाइकाशेजारी उभं राहून भाजी घ्यायची असायची.

म्हणजे बाई विकत काय होती? कुर्ती नव्हे. कुर्ती पुरवठादाराची. तिच्याकडे होती ती गिऱ्हाइकाची ओळख, त्याची भाषा, त्याच्या मापाची माहिती आणि स्वतःची पत. यातलं पहिलं आणि शेवटचं खरोखर तिचं होतं. मधलं सगळं म्हणजे ॲपमध्ये तेव्हा असलेली उणीव. ती भरून निघेपर्यंतच त्याला किंमत होती.

बायकाच का

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या फक्त ५४ टक्के बायकांनी स्वतः वापरतो असा मोबाइल असल्याचं सांगितलं. इंटरनेट कधीतरी वापरलंय असं सांगणाऱ्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. त्याच सर्वेक्षणात स्वतः वापरतो असं बँक खातं असणाऱ्या बायका जवळपास ७९ टक्के निघाल्या. आधीच्या फेरीत त्या ५३ टक्के होत्या. हे आकडे एकत्र वाचले की मीशोची जागा दिसते. खातं आहे, पण त्यात येण्यासारखं काही नाही. फोन आहे किंवा घरात एक आहे, पण इंटरनेटवर एकटीनं खरेदी करणाऱ्या थोड्या. अशा ठिकाणी, ज्या बाईला फोन चालवता येतो ती दहा जणींची दुकानदार होते.

कंपनीला हे चोख कळलं होतं. नवं गिऱ्हाईक मिळवायला मोठ्या ऑनलाइन कंपन्या जाहिरातींवर आणि सवलतींवर पाण्यासारखा पैसा ओतत होत्या. मीशोचं गिऱ्हाईक तिच्या रिसेलर बायका आणत होत्या, आणि खर्च देत होतं गिऱ्हाईकच, मार्जिनच्या रूपानं. जून २०१९ मध्ये फेसबुकनं मीशोत पैसे घातले. भारतातल्या एखाद्या नव्या कंपनीतली फेसबुकची ती पहिली गुंतवणूक. व्हॉट्सॲप ज्यांच्या मालकीचं, त्यांना व्हॉट्सॲपवर चाललेला व्यापार दिसत होता.

इथंच मला या प्रकरणाचा खरा पेच वाटतो. कंपनीच्या वहीत ही बाई उद्योजक नव्हती, ती गिऱ्हाईक आणण्याचा मार्ग होती. मार्ग स्वस्त आहे तोवर वापरायचा. यात दुष्टावा काही नाही. कुठलीही कंपनी हेच करेल. घोटाळा होतो तो आपण त्या मार्गाला उद्योजकता म्हणू लागलो की.

गिऱ्हाईकच रिसेलर झालं

पहिला तडा कंपनीच्या योजनेतूनच गेला. आठवड्याच्या विक्रीवर बोनस मिळत असे, आणि ओळखीच्या बाईला ॲपवर आणलं तर तिच्या ऑर्डरींवरही काही टक्के. कुणाला आणणार? जी दर महिन्याला दोन कुर्त्या घेते, जिला कपड्यांची आवड आहे आणि जिचा गोतावळा मोठा आहे तिलाच. म्हणजे आपलं सर्वांत चांगलं गिऱ्हाईक. ते एकदा ॲपवर गेलं की त्याला मूळ भाव दिसतो. चार दिवसांत ते स्वतःसाठी मार्जिनशिवाय मागवतं आणि आठव्या दिवशी आपल्याच ग्रुपवर त्याच कुर्तीचा फोटो टाकतं, वीस रुपये कमी सांगून. एका सोसायटीत एक रिसेलर असते तेव्हा तो धंदा असतो. सहा झाल्या की सहाही जणी एकमेकींना फोटो पाठवत बसतात.

मधल्या काळात फोटो पाठवण्याच्या वाटेवरही अडथळा आला, आणि त्याचं कारण महाराष्ट्रातलंही होतं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांना ठार मारलं. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. निर्णय योग्यच होता. पण कॅटलॉगचे फोटो पंधरा ग्रुपांवर ढकलणाऱ्या बाईलाही तोच नियम लागला आणि तिला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याच्या अंगणात मांडलेल्या दुकानाची ही अडचण सगळीकडे सारखी आहे. इंडोनेशियात २०२३ च्या सप्टेंबरअखेर सरकारनं समाजमाध्यमांवर थेट विक्रीला बंदी घातली आणि ऑक्टोबरमध्ये टिकटॉक शॉप, म्हणजे टिकटॉकवरची विक्रीची सोय, बंद झालं. डिसेंबरमध्ये टोकोपीडिया या तिथल्या ऑनलाइन विक्री कंपनीचा हात धरून ते परत आलं. रोज थेट प्रक्षेपण करून कपडे आणि प्रसाधनं विकणाऱ्यांनी ते दोन महिने कसे काढले असतील, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. अत्यावश्यक नसलेल्या मालाची डिलिव्हरी थांबली. ती पुन्हा सुरू झाली तोवर गिऱ्हाईक बदललं होतं. घरात बसलेल्या माणसांनी फोनवरून किराणा मागवला, औषधं मागवली, यूपीआय शिकून घेतलं. जे भय वहिनींच्या भरवशानं झाकलं जात होतं ते आपोआप कमी झालं.

मग कंपनीनं दिशा बदलली. २०२१ पासून मीशो थेट गिऱ्हाइकाशी बोलू लागली. टीव्हीवर जाहिराती आल्या, 'स्वस्तात घ्या' असं सांगणाऱ्या. 'विका आणि कमवा' मागे पडलं. जुलैमध्ये पुरवठादारांवरचं कमिशन शून्य करण्यात आलं. कंपनीनं आपली कमाई पुरवठादारांच्या जाहिराती आणि मालवाहतुकीतून काढायचं ठरवलं. कमिशन गेल्यावर पुरवठादारांनी भाव आणखी खाली आणले, आणि तीच कुर्ती जेव्हा ॲपवर अडीचशेला दिसू लागली तेव्हा ७० रुपयांचं मार्जिन चढवणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यात खुपणं. वर फोटो टाकून तोच माल शोधायची सोय फोनमध्ये आलेली. 'ताई, हीच ॲपवर इतक्याला आहे' हा संदेश ज्या बाईला एकदा आला, तिला तो पुन्हा पुन्हा येत राहिला.

२०२२ मध्ये ॲप मराठीसह आठ भारतीय भाषांत सुरू झालं. यावर फार कुणी लिहिलं नाही, पण माझ्या मते रिसेलरच्या दृष्टीनं शून्य कमिशनइतकीच ती मोठी घटना होती. इंग्रजी न येणाऱ्या काकूंना ऑर्डर टाकून देणं हे तिच्या कामातलं उरलेलं मोठं काम होतं.

बाकीच्या कंपन्यांकडे पाहिलं तरी तेच. जुलै २०२१ मध्ये फ्लिपकार्टनं शॉप्सी आणलं, रिसेलरांसाठी म्हणून; पुढे तेही थेट गिऱ्हाइकाला स्वस्त माल विकण्याकडे वळलं. ॲमेझॉननं २०२२ मध्ये ग्लोरोड हे मीशोसारखंच रिसेलरांचं ॲप विकत घेतलं. सगळ्यांना त्या बायकांच्या ग्रुपांतून आत शिरायचं होतं. आत शिरल्यावर दाराचं काय करायचं हा प्रश्न कुणी सोडवला नाही, कारण तो त्यांचा प्रश्नच नव्हता.

मीशोवर पुन्हा विकण्याची सोय राहिली, पण कंपनीची ओळख ती राहिली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीचा शेअर १११ रुपयांना विक्रीला आला आणि बाजारात नोंदला गेला. रिसेलर बायकांच्या हाती या सगळ्या वाढीतलं काय होतं, तर त्यांनी विकलेल्या मालावरचं मार्जिन, जे त्या त्या महिन्यात खर्च झालं.

तुलना करायची तर ती आपल्याच मुंबईत आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जतमध्ये पापड लाटणारी बाई मालकीण मानली जाते आणि नफ्यात तिचा वाटा असतो. पापडाचं पीठ भिजवून देणारी, लाटलेला पापड तपासून घेणारी व्यवस्था मध्यवर्ती, काम घरी. रचना वरवर पाहता मीशोसारखीच विखुरलेली. फरक मालकीचा. अर्थात लिज्जत वाढायला कित्येक दशकं लागली आणि मीशोला पाच वर्षं. वेग आणि मालकी दोन्ही एकदम देणारी रचना मला तरी अजून दिसलेली नाही.

ज्या टिकल्या त्यांच्याकडे काय होतं

सगळ्या बायका बाहेर पडल्या नाहीत. ज्या टिकल्या त्यांच्याकडे पाहिलं की काही गोष्टी परत परत दिसतात.

पहिली उधारी. ॲप उधार देत नाही, किंवा देतं तेव्हा व्याजानं देतं. दिवाळीला चार साड्या नेऊन पैसे पौषापर्यंत सावकाश देणारं गिऱ्हाईक वहिनींना सोडत नाही. ही जुन्या गाठोडेवाल्या बाईची ताकद, ॲपच्या आधीची. गंमत अशी की ज्यांनी मीशोच्या काळात वही बंद केली त्या आधी संपल्या. कारण 'आता सगळं ऑनलाइन' म्हणून त्यांनी आपली एकुलती एक वेगळी गोष्ट सोडून दिली.

दुसरी गोष्ट, माल प्रत्यक्ष हातात असणं. यातल्या काही जणी फेसबुकवर आणि इन्स्टाग्रामवर लाईव्ह येऊ लागल्या. संध्याकाळी साडी खांद्यावर टाकून, पदर उलगडून दाखवायचा, कापड मुठीत चुरगळून सोडायचं. 'आवडली तर स्क्रीनशॉट काढा आणि नंबरवर पाठवा, एकच पीस आहे.' महाराष्ट्रात अशा लाईव्हचं आता मोठं पीक आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना हे बोलणं कुणी शिकवलेलं नाही; भिशीच्या दुपारी साड्या उलगडतानाच ते तयार झालं होतं. इथं फोटो पुरवठादाराचा नसतो, चेहरा आणि आवाज तिचा असतो. भाव ॲपशी ताडून बघता येत नाही, कारण तीच साडी ॲपवर सापडत नाही. पण माल हातात घ्यायचा म्हणजे पैसे गुंतवायचे. सुरतेच्या बाजारातून तीस-चाळीस हजारांचा माल उचलायचा आणि त्यातल्या दहा साड्या न विकता उरल्या तर नफा तिथंच संपतो. मीशोनं जी अडचण काढली होती ती इथं परत येते.

तिसरी, आणि मला सर्वांत भरवशाची वाटते ती, स्वतः बनवलेली वस्तू. मसाले, फराळ, खणाच्या पिशव्या, शिवलेले ब्लाऊज, लहान मुलांची परकर-पोलकी. यात ग्रुप छोटा असला तरी चालतो. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसवर पुढच्या वर्षी कॅटलॉगची सोय झाली. अशा बाईला तेवढं पुरतं. तिचा भाव दुसरं कुणी उघडं पाडू शकत नाही.

बाकी पुष्कळ जणींनी सोडलं, आणि त्यात हळहळण्यासारखं फार नाही. पडेल ते धंदे करून बघणं हे छोट्या धंद्यात चालतंच. हळहळ आहे ती एका गोष्टीची. त्यांच्या फोनमध्ये दोन-तीनशे गिऱ्हाइकांची मापं, आवडी, पत्ते होते, आणि बहुतेकींनी ते कुठं उतरवून ठेवलं नाही. ऑर्डरीसोबत ते कंपनीकडे मात्र व्यवस्थित जमा होत गेलं.

पुरवठादार व्हायचं तर

मीशोकडून, किंवा कुठल्याही ॲपकडून, आता अशा बायकांना जी वाट दाखवली जाते ती म्हणजे तुम्हीच पुरवठादार व्हा. वाट खरी आहे. पण ती वस्तू आणि सेवा कराच्या दारातून जाते.

दुकानात बसून माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. तोच माल ॲपवर विकायचा तर जीएसटी कायद्याच्या २४ व्या कलमानुसार पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. म्हणजे दुकान चालवणाऱ्या दीराला सूट आणि घरून ॲपवर विकणाऱ्या भावजयीला सक्ती. बायकांच्या ऑनलाइन धंद्यावर परिषदा भरत होत्या त्याच वर्षांतला हा नियम. जून २०२२ मध्ये चंदीगडच्या जीएसटी परिषदेत तो सैल करायचं ठरलं आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना नोंदणीशिवाय, पॅनच्या आधारे पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेऊन ॲपवर विकता येऊ लागलं.

अट एकच, पण जाचक: माल आपल्याच राज्यात विकायचा. कोल्हापूरच्या बाईनं चांदा ते बांदा कुठंही विकावं, पण तासा-दोन तासांवरच्या बेळगावला नाही. सावंतवाडीच्या बाईचं निम्मं गोत गोव्यात असलं तरी पणजीची ऑर्डर घ्यायची नाही. ॲप सोडून व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतली आणि स्वतः कुरिअर केलं तरी करपात्र माल राज्याबाहेर पाठवायला सर्वसाधारणपणे नोंदणी लागतेच. बेळगाव-निपाणीकडे नातीगोती असणाऱ्या बायकांचं गिऱ्हाईक नेमकं या रेषेपलीकडे असतं.

पूर्ण नोंदणी करायची तर सरकार फी घेत नाही. खर्च येतो तो विवरणपत्रं भरून देणाऱ्या सल्लागाराचा, दर महिन्याला किंवा तिमाहीला, विक्री झाली असो की नसो. आणि त्याआधी धंद्याच्या जागेचा पुरावा. जागा म्हणजे घर. घराचं वीजबिल सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर, तेव्हा त्यांचं संमतिपत्र जोडावं लागतं. रिसेलर असताना हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. फोन हातात असला की झालं. मीशोकडे एवढ्या बायका आल्या त्याचं हेही एक कारण असावं, आणि पुरवठादार व्हायला त्यातल्या थोड्याच जणी पुढे येतात त्याचंही.

केंद्र सरकारच्या उद्यम या छोट्या-मध्यम उद्योगांच्या नोंदणी पोर्टलवर नोंदलेल्या उद्योगांत बायकांच्या मालकीचे साधारण एक पंचमांश आहेत. जीएसटी आणि पॅन नसलेल्या अगदी छोट्या धंद्यांसाठी जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या उद्यम असिस्टवर मात्र हाच वाटा सुमारे ७० टक्के निघाला. एका कागदाचा फरक, आणि प्रमाण इतकं उलटं होतं.

कागद झाले तरी पुरवठादाराचा हिशेब रिसेलरसारखा राहत नाही. मालाचे पैसे आधी गुंततात. परत आलेल्या मालाचा भार, दारात रोख पैसे न देता गिऱ्हाइकानं माघारी धाडलेल्या पार्सलची कटकट, सगळं आता तिच्या अंगावर. अडीचशेच्या कुर्तीत वीस-तीस रुपये सुटणार असतील तर एक परत आलेली कुर्ती चार-पाच विकलेल्यांचा नफा खाऊन जाते. म्हणून ज्या बायका या बाजूला आल्या आहेत त्यांतल्या शहाण्या जणी ॲपवर मोजकेच, मापाची भानगड नसलेले नग ठेवतात: ओढण्या, पिशव्या, उशांचे अभ्रे. शिवलेलं आणि मापाचं ते व्हॉट्सॲपवरच्या जुन्या गिऱ्हाइकांसाठी, आगाऊ पैसे घेऊन.